मदत हवी आहे: पहिल्यांदाच पीसी जोडतोय, हे पार्ट घेऊ का? (जरा लवकर सांगा)

बार्शीकर

नमस्कार मंडळी. ब्रँडेड घ्यायचा नाही, पार्ट आणून घरीच जोडायचा आहे. सोलापूरच्या दुकानदाराने कोटेशन दिलंय:

रायझन ५ ५६००
बी४५० बोर्ड
१६ जीबी डीडीआर४ रॅम, एकच पट्टी
५१२ जीबी एनव्हीएमई एसएसडी
जीटी ७१० ग्राफिक कार्ड, २ जीबी
कॅबिनेट, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) त्यातच येतो, ५०० वॅटचा

भाव आजच्यापुरताच आहे म्हणतो. लग्नसराई तोंडावर आलीय, त्यामुळे मला लांबलचक चर्चा नको. घेऊ की नको एवढंच सांगा.

सह्यकडा

बजेट किती? काम काय? मॉनिटर कोणता आहे? हे कळल्याशिवाय हो किंवा नाही कसं सांगणार?

पुढचा_थांबा

नको. ५६०० आणि बी४५० हे एएम४ सॉकेटचे आहेत (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा), त्यावर आता नवीन पैसे घालू नका. ते २०१७ मध्ये बाजारात आलं. एएम५ आलं २०२२ ला आणि २०२७ पर्यंत त्याला आधार देण्याचं एएमडीने जाहीर केलंय. आज रायझन ५ ७६०० आणि बी६५० बोर्ड घ्या. चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलला की काम झालं. शिवाय ७६०० मध्ये जुजबी ग्राफिक्स असतंच, ते जीटी ७१० लागणारच नाही.

पेठकर

आणि डीडीआर५ रॅम कोण घेऊन देणार? एएम५ ला डीडीआर४ चालतच नाही. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव कुठे गेलेत ते पाहा. सगळा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळलाय. रॅम बनवणाऱ्या मायक्रॉनने तर २०२५ च्या डिसेंबरात क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी पहिलाच पीसी जोडणाऱ्याला एएम५ सुचवणं मला पटत नाही. माझ्याकडे ५६०० आहे, बी५५० वर, उत्तम चालतोय. प्रोसेसर ठेवा, बोर्ड तेवढा बदला.

पुढचा_थांबा

तुमचा चालतोय कारण तुम्ही रॅम स्वस्त असताना घेतलीत. आज डीडीआर४ तरी कुठे जुन्या भावात मिळते?

बार्शीकर

अहो वाद नको. बजेट सत्तर हजारांच्या आत. मॉनिटर आहे. काम नेहमीचंच, फोटोशॉप, कोरल आणि थोडं व्हिडिओ. आता सांगा.

सह्यकडा

नेहमीचंच म्हणजे कुणाचं? घरी हौसेने करता की स्टुडिओ आहे?

बार्शीकर

स्टुडिओच आहे, म्हणून तर लग्नसराई म्हटलं. अल्बमची पानं, पत्रिका, मधूनमधून फ्लेक्स.

सह्यकडा

मग १६ जीबी विसरा. १२ बाय ३६ इंचाचं अल्बमचं पान ३०० डीपीआयला ३६०० बाय १०८०० पिक्सेल होतं, म्हणजे जवळजवळ ३ कोटी ८९ लाख पिक्सेल. ८ बिटमध्ये पूर्ण पानाचा एकच लेअर सुमारे ११७ एमबी खातो, १६ बिटमध्ये त्याच्या दुप्पट. वर मास्क, हिस्टरी, शेजारी कोरल आणि ब्राउझर उघडा. ३२ जीबी घ्या आणि त्या १६-१६ च्या दोन पट्ट्याच घ्या. एका पट्टीवर मशीन सिंगल चॅनलमध्ये चालतं, रॅमचा निम्मा वेग वाया जातो. चार स्लॉटचा बोर्ड असेल तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवा आणि मग बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी चालू करा. ते केलं नाही तर पट्टीवर लिहिलेला वेग मिळत नाही.

एक_खिडकी

मॉनिटर कितीचा आहे? १४४ हर्ट्झच घ्या, एकदा सवय झाली की ६० हर्ट्झ बघवत नाही. कीबोर्ड मेकॅनिकल घ्या, ब्राउन स्विचवाला.

पेठकर

अल्बम करणाऱ्याला १४४ हर्ट्झ कशाला? त्याला आयपीएस पॅनल आणि रंग बरोबर दाखवणारा मॉनिटर हवा. लॅबमधून पान येतं तेव्हा शालूचा रंग स्क्रीनवर दिसला तोच यायला हवा.

बार्शीकर

मॉनिटर आहे म्हटलं ना. साडेअठरा इंची, मागे निळ्या टोकाची केबल लागते.

सह्यकडा

म्हणजे व्हीजीए. आता हे महत्त्वाचं आहे, कारण सगळ्याच नव्या बोर्डांवर व्हीजीए असतं असं नाही. बोर्ड घेताना मागची पोर्टची पट्टी डोळ्यांनी बघा. शिवाय रायझन ५ ५६०० मध्ये ग्राफिक्सच नाही, शेवटी जी असलेल्या ५६००जी मध्ये आहे. त्या दुकानदाराने जीटी ७१० घातलंय ते फक्त चित्र दिसावं म्हणून. ते २०१४ चं कार्ड आहे आणि त्या पिढीला, सुरक्षेच्या दुरुस्त्या सोडता, नवे ड्रायव्हर देणं एनव्हिडियाने २०२१ मध्येच थांबवलं. त्यासाठी एक रुपयाही देऊ नका.

सफरचंद_सोलून

सत्तर हजार आहेत तर मॅक मिनी एम४ का नाही? १६ जीबी, आवाज नाही, वीज नगण्य आणि व्हिडिओ एडिटिंगला त्या किमतीत तोड नाही. पार्ट शोधण्यात वेळ घालवण्यापेक्षा आजच काम सुरू करा.

बार्शीकर

मॅक नको. पत्रिकांचं सगळं मॅटर श्रीलिपीत (मराठी फाँटचं सॉफ्टवेअर) आहे, यूएसबीला लायसन्सचं डोंगल लावून चालतं. पंधरा वर्षांच्या फायली आहेत.

मुक्त_स्रोत

हाच तर प्रश्न आहे. पंधरा वर्षांचा मजकूर नॉन-युनिकोड फाँटमध्ये अडकून पडलाय, तो त्या फाँटशिवाय वाचता येत नाही. आता नवीन मशीन घेताय तर युनिकोडवर या. विंडोजऐवजी लिनक्स टाका, कोरल-फोटोशॉपऐवजी इंकस्केप आणि गिंप वापरा. लायसन्सचे पैसे वाचतील आणि मजकूर उद्याही शोधता येईल.

पत्रिकावाली

मी मुद्रणाचंच काम करते. युनिकोडवर यायलाच हवं, याबाबत पूर्ण सहमत. पण जुन्या सुलेखनाच्या धाटणीचे जे फाँट गिऱ्हाईक पत्रिकेवर मागतं ते सगळे युनिकोडमध्ये मिळत नाहीत. 'मागच्या वर्षी थोरल्याची केली तशीच करा' म्हणणाऱ्याला आपण फाँट बदला म्हणू शकत नाही. बार्शीकरदादा, डोंगल नव्या विंडोजवर चालतं का ते आधी कुणाच्या तरी विंडोज ११ च्या मशीनवर लावून बघा. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे नव्या मशीनवर ११ च येणार. जुना पीसी मोडीत काढू नका, नेट न जोडता श्रीलिपीसाठी तसाच ठेवा.

निळी_शाई

धागा भरकटतोय. मला 'थोडं व्हिडिओ' या दोन शब्दांत अडकायला झालंय. बार्शीकर, कॅमेरा कोणता? आणि व्हिडिओ कोणत्या सेटिंगला घेता? मी नाशिकला लग्नांचंच एडिटिंग करते, म्हणून खोदून विचारतेय. प्रोसेसर यावर ठरणार आहे.

बार्शीकर

कॅनन आर६ मार्क टू. व्हिडिओ भागीदार बघतो. सेटिंगचं त्याला विचारावं लागेल. त्याचा पार्टशी काय संबंध? फाइल ती फाइलच की.

निळी_शाई

संबंध आहे. त्याला एवढंच विचारा की सी-लॉग थ्री (फिका व्हिडिओ घेऊन रंग नंतर चढवायची सेटिंग) चालू असतो का.

पुढचा_थांबा

व्हिडिओ कसाही असो, ७६०० च्या सहा कोअरना फोरके जड नाही.

बार्शीकर

विचारलं. हो, सी-लॉगच. रंग नंतर चढवतो म्हणाला. आणि सध्याच्या मशीनवर फाइल अडकत अडकत चालते हेही म्हणाला, म्हणून तर नवीन घेतोय.

निळी_शाई

मग हे नीट वाचा, इथे सगळं बदलतं. त्या कॅमेऱ्यात सी-लॉग थ्री लावला की फाइल एच.२६५, १० बिट, ४:२:२ अशी (जास्त दाबलेली, पण रंगाची माहिती जास्त असलेली) तयार होते. लॉग बंद असताना ती एच.२६४, ८ बिट, ४:२:० असते आणि ती कुठल्याही बऱ्या मशीनवर पळते. पण ४:२:२ वाली एच.२६५ हार्डवेअरमध्ये, म्हणजे ग्राफिक्सच्या खास भागात, उलगडण्याची सोय फार थोड्या ठिकाणी आहे. इंटेलच्या ११ व्या पिढीपासून पुढे, प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्समध्ये आहे. एनव्हिडियाच्या कार्डांत ती ५० मालिकेपासून आली, ३०५० किंवा ४०६० मध्ये नाही. रायझन ७६०० च्या आतल्या ग्राफिक्समध्ये नाही. ५६०० मध्ये ग्राफिक्सच नाही आणि जीटी ७१० ला तर साधी एच.२६५ सुद्धा हार्डवेअरमध्ये उलगडत नाही.

म्हणजे कोटेशनमधलं मशीन घेतलंत तर सगळा भार प्रोसेसरच्या कोअरवर पडेल आणि टाइमलाइन पुन्हा अडकेल. हळद, लग्न, स्वागत समारंभ अशा तीन कॅमेऱ्यांच्या फायली एकावर एक ठेवल्या की बघायलाच नको.

तुमच्या बजेटात इंटेल आय५-१२४०० घ्या. सहा कोअर आहेत, आत यूएचडी ७३० ग्राफिक्स आहे, डीडीआर४ चा बोर्ड मिळतो. मात्र १२४००एफ घेऊ नका. थोडा स्वस्त असतो म्हणून दुकानदार तोच पुढे करतात. शेवटी एफ म्हणजे आतलं ग्राफिक्स नाही, आणि आपण पैसे त्याच्यासाठीच देतोय. पुढे कधी वेगळं कार्ड लावलंत तरी बायोसमध्ये आतलं ग्राफिक्स चालू ठेवा.

पुढचा_थांबा

१२४०० च्या एलजीए१७०० सॉकेटला पुढे वाटच नाही, १४ व्या पिढीपाशी संपलं. त्यापेक्षा प्रॉक्सी (एडिटपुरत्या हलक्या नकला) बनवा आणि ७६०० वर आरामात एडिट करा. एका फाइल फॉरमॅटसाठी जुनी पिढी घेणं चुकीचं आहे.

निळी_शाई

प्रॉक्सी मीही वापरते, चांगली सोय आहे. पण प्रॉक्सी बनवायला वेळ लागतो आणि डिस्कवर जागाही लागते. सीझनमध्ये रोज मेमरी कार्ड भरून येतात, नवरीकडच्यांना दोन दिवसांत टीझर हवा असतो. ज्या फायली पुढची चार वर्षं रोज येणार आहेत त्या मुळातूनच चालणारं मशीन घ्यावं. चार वर्षांनी प्रोसेसर बदलता येईल, हा फायदा तेव्हाचा. त्याचं काम या महिन्यात अडलंय.

पेठकर

हे मला माहीत नव्हतं. निळी_शाईताईंना +१. माझी ५६०० ची शिफारस मागे घेतो, माझं काम कोडिंगचं आहे, त्याला हा प्रश्न येतच नाही.

तारतंत्री

कुणीच एसएमपीएसबद्दल बोललेलं नाही. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या डब्यावर ५०० वॅट छापलेलं असतं, ते तेवढं देईलच याचा भरवसा नाही. वेगळा घ्या. ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा), नावाजलेल्या कंपनीचा, ४५० ते ५५० वॅट या मशीनला भरपूर झाला. बार्शीत लाइट किती वेळा जाते? इन्व्हर्टर आहे का?

बार्शीकर

लाइटीचं विचारू नका. इन्व्हर्टर आहे, दुकानाचाच, सगळं त्यावर आहे. पीसीसाठी वेगळा यूपीएस नाही. आणि एक, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, पण ते जुनं मशीन आहे, नव्याला येणार नाहीत.

तारतंत्री

नव्यालाही येतील. दोष मशीनचा नाही, सॉकेटला अर्थिंग नसण्याचा आहे. प्रत्येक एसएमपीएसच्या तोंडाशी फिल्टर असतो, त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर ती किरकोळ गळती जमिनीत जाते. नसेल तर पत्रा २३० च्या निम्म्या व्होल्टेजच्या आसपास तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा, म्हणून झिणझिण्यांवर भागतं. पण त्याच पत्र्याला तुम्ही कॅमेऱ्याची यूएसबी केबल लावता, कार्ड रीडर लावता. पार्ट आणण्याआधी वायरमन बोलवा, अर्थिंगचा खड्डा आणि सॉकेटची तिसरी पिन तपासून घ्या. थ्री-पिनची वरची पिन तोडून टू-पिनमध्ये घालण्याची आपल्याकडे सर्रास सवय आहे, ती कृपा करून करू नका.

इन्व्हर्टरचंही पाहा. लाइट गेल्यावर एसएमपीएस साठवलेल्या विजेवर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो. इन्व्हर्टर त्याहून उशिरा बदलला तर पीसी रीस्टार्ट होणार, चालू रेंडर (तयार होत असलेला व्हिडिओ) वाया. इन्व्हर्टरवर यूपीएस मोडचा खटका असेल तर तो लावा. आणि तो स्क्वेअर वेव्हचा असेल तर चांगल्या दर्जाचे ॲक्टिव्ह पीएफसीवाले एसएमपीएस त्यावर कटकट करतात. प्युअर साइन वेव्ह हवा.

सफरचंद_सोलून

म्हणूनच म्हणत होतो, मिनी घ्या, यातलं काहीच...

तारतंत्री

मिनीलाही लाइट लागते हो. यूपीएस त्यालाही लागेलच.

एक_खिडकी

पार्ट मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला घ्या, कॉम्प्युटरच्या बाजारात. सोलापूरहून रात्रीच्या गाडीने मुंबईला जाऊन ग्रँट रोडला उतरलं की चार दुकानं फिरून एका दिवसात काम होतं.

पेठकर

आणि बोर्ड खराब निघाला तर पुन्हा मुंबई? पहिला पीसी आहे, सोलापूरचाच दुकानदार बरा. फक्त प्रोसेसर सीलबंद खोक्यातला मागा, ट्रेचा (सुटा) नको. खोक्यातल्याला तीन वर्षांची वॉरंटी आणि सोबत पंखा येतो. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर लिहून घ्या.

बार्शीकर

ठीक. दुकानदाराला फोन केला. आता असं म्हणतोय: आय५-१२४०० (एफ नाही, दोनदा विचारून घेतलं), एच६१० चा डीडीआर४ बोर्ड व्हीजीए असलेला, १६-१६ च्या दोन पट्ट्या, १ टीबी एनव्हीएमई, एसएमपीएस वेगळा ५५० वॅट ब्रॉन्झ, कॅबिनेट रिकामं. जीटी ७१० काढलं. पासष्टच्या वर जातंय पण सत्तरच्या आत आहे. वायरमन परवा येतोय. घेऊ ना आता?

सह्यकडा

घ्या. एच६१० वर रॅमचे दोनच स्लॉट असतात, म्हणजे ३२ च्या पुढे जायचं तर या पट्ट्या काढाव्या लागतील. बी७६० परवडला तर त्याचे चार स्लॉटवाले बोर्ड मिळतात. नाही परवडला तर अडत नाही. जोडताना प्रोसेसरची आठ पिनांची केबल आणि ग्राफिक कार्डाची आठ पिनांची केबल यांची गल्लत करू नका, दिसायला सारख्या असतात. प्रोसेसरची बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात लागते.

निळी_शाई

१ टीबीवर विंडोज आणि चालू काम ठेवा. झालेली लग्नं कुठे ठेवता?

बार्शीकर

पेन ड्राइव्हवर देतो पार्टीला. आमच्याकडे जुन्या पीसीत आहेत.

निळी_शाई

एकाच डिस्कवर? उरलेल्या पैशांत आधी ४ टीबीची बाहेरची हार्ड डिस्क घ्या, मॉनिटर पुढच्या सीझनला बघा. आणि जुन्या पीसीतली सगळी लग्नं तिच्यावर उतरल्याशिवाय नवीन मशीन जोडायला बसू नका.