खातं नसलेलं क्रिप्टो एक्स्चेंज: खासगीपणा की चोरवाट?

रानवारा: बिटकॉइन देऊन मोनेरो हे व्यवहार लपवणारं क्रिप्टो नाणं घ्यायला सेल्फी आणि ओळखपत्र कशाला हवं? बिनखात्याच्या सेवेला तुम्ही फक्त आपला मोनेरोचा पत्ता द्यायचा. ती एकदाच वापरायचा जमा-पत्ता देते, त्यावर बिटकॉइन पाठवले की काम झालं. मे 2025 मध्ये कॉइनबेस या ओळखपत्र मागणाऱ्या एक्स्चेंजने जाहीर केलं की सपोर्टच्या लोकांना लाच देऊन ग्राहकांची नावं, घरचे पत्ते, ओळखपत्रांचे फोटो पळवले गेले. पासवर्ड बदलता येतो, घर कसं बदलणार? जी माहिती गोळाच केली नाही, ती फुटणार कुठून?

चौकस: बायबिट या एक्स्चेंजचं काय? फेब्रुवारी 2025 मध्ये तिथून सुमारे 1.5 अब्ज डॉलरची चोरी झाली, एफबीआयने उत्तर कोरियाकडे बोट दाखवलं. त्यातला काही पैसा ईएक्सच या बिनखात्याच्या सेवेतून गेला. बायबिटने तो अडवायची विनंती केली, त्यांनी साफ नकार दिला. याला मी खासगीपणा म्हणणार नाही.

रानवारा: चोरी झाली ती केवायसीवाल्या, म्हणजे ओळख तपासणाऱ्या, एक्स्चेंजवरच ना! जुलै 2024 मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवरून 23 कोटी डॉलरच्या आसपास गेले. पॅन-आधार देऊन बसलेल्या ग्राहकांचे पैसे अडकलेच.

चौकस: तिजोरी कच्ची होती, मान्य. म्हणून चोरीचा माल खपवणाऱ्याला मोकळं सोडायचं?

कोडवाला: दोघंही खात्यावरच अडकलात. एप्रिल 2025 अखेर जर्मन पोलिसांनी ईएक्सचचे सर्व्हर जप्त केले, तेव्हा 3.4 कोटी युरोच्या क्रिप्टोसोबत 8 टेराबाइटहून जास्त डेटा हाती लागला. खातं नसलं तरी व्यवहार पुरा होईतो जमा-पत्ता, तुमचा पत्ता आणि परताव्याचा पत्ता एका ऑर्डर नंबराखाली ठेवावाच लागतो. त्याला वेब सर्व्हरचा आयपी लॉग, म्हणजे कोणत्या इंटरनेट जोडणीवरून कोण आलं याची नोंद, जोडली की माणूस सापडला. त्यामुळे ही नोंद किती तासांनी पुसली जाते, हे मी आधी विचारतो. अ‍ॅटॉमिक स्वॅपमध्ये तर मधला माणूसच नसतो: दोन्ही बाजूंची नाणी एकमेकांशी बांधून कुलूपबंद, एकाने आपली घेतली की दुसऱ्यालाही त्याची घेता येतात, मुदतीत सौदा झाला नाही तर ज्याची त्याला परत. वेळ लागतो, पण विश्वास कुणावरच टाकावा लागत नाही.

चौकस: मग चोर आला तर त्याला नाही कोण म्हणणार?

रानवारा: बायबिटवरून चोरलेलं नाणं इथर होतं, आणि इथरची वाट सगळ्यांना दिसते. बायबिटच्या पैशांचा माग लोक उघडपणे काढतच होते. त्यासाठी माझी सेल्फी लागली नाही.

चौकस: माग दिसत होता, पैसे थांबत नव्हते. अडवू शकणारा कुणीतरी वाटेत हवाच, आणि तुमच्या रचनेत नेमका तोच काढून टाकलाय.