राडारोड्यातून गादीवाफे : कोणते साहित्य वापरावे, कोणते टाळावे?

परसदार_वाई

वाईतील आमच्या जुन्या घराची मागची पडवी या उन्हाळ्यात उतरवली. तिच्यातून सुमारे ६०० भाजक्या विटा, बारा शहाबादी फरश्या, हिरवा ऑइलपेंट दिलेले सात-आठ वासे आणि छपरावरचे सहा पन्हाळी सिमेंट पत्रे निघाले आहेत. परसातील जमीन काळी व चिकण असून पावसाळ्यात तेथे घोट्याएवढे पाणी साचते आणि मेथी-पालक दर वर्षी पिवळे पडून सडतात. म्हणून ८ फूट लांब, ३ फूट रुंद व दीड फूट उंच असे दोन गादीवाफे याच साहित्यातून बांधावेत, असा विचार आहे. विटा चुन्यात बांधलेल्या होत्या. तो चुना मातीत उतरून भाजीला अपाय करील का? शिवाय पत्रे कापून वाफ्याच्या बाजूंना उभे लावावेत, असे गवंड्याने सुचवले आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

करणी_आणि_ओळंबा

पत्र्यांचे आधी सांगतो, कारण तेथे झालेली चूक नंतर निस्तरता येत नाही. असे जुने पत्रे बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसचे असतात आणि ते कापताना किंवा फोडताना उडणारे तंतू, डोळ्यांना दिसतही नसले, तरी फुफ्फुसात जाऊन बसतात व कर्करोगासारखे दुखणे कित्येक वर्षांनी उभे करतात. पत्रे ओले करून अखंडच उचलावेत, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावेत आणि त्यांची विल्हेवाट नगरपालिकेत विचारूनच लावावी. गवंडी कितीही जुना असो, एवढे त्याचे ऐकू नये.

विटांच्या बाबतीत मात्र आपले नशीब चांगले आहे. चुना हलक्या ठोक्याने सुटतो. सिमेंट वीट घेऊनच निघते. दोन विटा एकमेकींवर आपटून पाहाव्यात : खणखणीत वाजणारी घ्यावी, भद्द आवाजाची किंवा नखाने भुकटी निघणारी बाजूला टाकावी. लोणा (क्षारांची पांढरी बुरशीसारखी भुकटी) लागलेली वीटही नको, कारण तिच्यातील क्षार मातीत उतरतात.

आपल्या मापाच्या वाफ्याचा घेर २२ फूट होतो आणि चार इंची भिंतीला प्रत्येकी सुमारे १७५ विटा लागतात. ही भिंत मसाल्याशिवाय, म्हणजे सांधे जोडणाऱ्या मालाशिवाय, रचू नये. मी स्वतः तशी रचली होती. जुलैतल्या एका झडीत ओल्या मातीने तिचे पोट फुगवले आणि तिसऱ्या दिवशी अख्खी बाजू वांग्यांच्या रोपांसकट वाटेवर आली. नऊ इंच खोल चर खणून मुरूम व विटांचे तुकडे ठोकून बसवावेत, त्यावर बांधकाम करावे आणि खालच्या थरात दर दोन फुटांवर एक उभा सांधा मोकळा ठेवून त्याच्या आतल्या बाजूस खापरीचा तुकडा टेकवावा, म्हणजे पाणी जाते व माती राहते. फरश्या तळाला घालू नयेत. त्या दोन वाफ्यांमधील वाटेवर शोभतील.

काळी_माती

चुन्याची भीती थोडी खरी आहे. विटांना चिकटलेल्या पातळ थराने फारसे बिघडत नाही. बिघडते ते तळात राडारोडा भरल्याने. दोन वाफ्यांना ७२ घनफूट, म्हणजे जवळजवळ पाऊण ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) माती लागते आणि हा आकडा ऐकला की पडवीचा गिलावा खाली लोटण्याचा मोह होतोच. आपल्याकडची काळी माती मुळातच अल्कधर्मी. त्यात चुना वाढला की लोह पिकाला मिळत नाही आणि शिरा हिरव्या राहून कोवळी पाने पिवळी पडतात. भुकटीवर लिंबू पिळून पाहावे. फसफसली तर ती चुन्याची समजावी. तळाला त्याऐवजी उसाचे पाचट दाबून भरावे, त्यावर पोयटा (नदीकाठची गाळाची माती) व कुजलेले शेणखत मिसळून घालावे. पहिल्या पावसाळ्यात माती तीन-चार इंच खाली बसेल, तेव्हा थोडी राखून ठेवावी.

रंधा

वाशांना वाफ्यापासून दूर ठेवा. रंगातील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसे असण्याचा संभव धरूनच चालावे. तो कोरडा खरवडू किंवा जाळू नये.

परसदार_वाई

सर्वांचे आभार. काल दिवसभर विटा वाजवून पाहिल्या. ६०० पैकी ४३० खणखणीत निघाल्या. एक शंका उरली : दुसरा वाफा गच्चीवर बांधला तर चालेल का? तेथे ऊन चांगले आहे.

करणी_आणि_ओळंबा

मुळीच नको. दीड फूट ओली माती दर चौरस मीटरला ७०० ते ८०० किलो भरते, विटांचे वजन वेगळेच. आणि माणसांची ये-जा असलेल्या गच्चीचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला १५० किलोचा वापरभार, म्हणजे माणसे व सामान यांचे वजन, धरून काढलेला असतो. उन्हासाठी वाफ्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा आणि टोमॅटो उत्तरेकडच्या कडेला लावा, म्हणजे त्यांची सावली मेथीवर पडणार नाही.