मदत हवी आहे : जुन्या वाफेच्या इंजिनांची शक्ती एकाच तक्त्यात कशी मांडावी?

नमस्कार. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी वाफेच्या इंजिनाच्या विकासावर भित्तिपत्रक तयार करत आहे. त्यातील एका तक्त्याबाबत यंत्र अभियांत्रिकीच्या जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. थॉमस न्यूकोमेन व जेम्स वॅट या संशोधकांची इंजिने आणि इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या खाणींवरील नंतरची इंजिने यांची अश्वशक्ती एकाखाली एक लिहायची, एवढाच मूळ हेतू होता. परंतु आकडे जमवू लागल्यावर दिसते की प्रत्येक काळातील आकडा इंजिनाच्या निराळ्या जागी मोजलेला आहे.

तक्त्याची सुरुवात 1712 मधील इंग्लंडमधील डडली कॅसलजवळच्या न्यूकोमेन इंजिनाने केली आहे. ते मिनिटाला 12 वेळा चाले आणि दर वेळी 10 गॅलन, म्हणजे साधारण 100 पौंड पाणी 153 फूट खोलीवरून उपसे. यावरून मिनिटाला 1,83,600 फूट-पौंड कार्य होते आणि 33,000 ने (एक अश्वशक्ती म्हणजे मिनिटाला 33,000 फूट-पौंड) भागल्यास सुमारे साडेपाच अश्वशक्ती मिळते. हा भाजक मात्र त्या इंजिनानंतर सुमारे सत्तर वर्षांनी ठरला. गिरणीचा घोडा 12 फूट त्रिज्येच्या वर्तुळात तासाला 144 फेऱ्या घालतो आणि 180 पौंडांची ओढ लावतो, असे धरून वॅटने हिशेब केला. तो मिनिटाला 32,572 फूट-पौंडांच्या आसपास येतो, आणि 1783 मध्ये त्याने 33,000 हा आकडा कायम केला. इंग्लिश अभियंता जॉन स्मीटनने घोड्याची क्षमता याहून बरीच कमी, सुमारे 23,000 मानली होती. वॅटचा घोडा असा सढळ हाताने मोजलेला असल्यामुळे, घोडे काढून इंजिन बसवणाऱ्या गिरणीमालकाचे नुकसान होण्याची शक्यता कमी होती, आणि हा मुद्दा मुलांपर्यंत पोहोचलाच पाहिजे असे मला मनापासून वाटते.

अडचण यापुढे आहे. न्यूकोमेनची साडेपाच अश्वशक्ती ही वर आलेल्या पाण्याची आहे. 1796 च्या सुमारास वॅटचा सहायक जॉन सदर्न याने दट्ट्याच्या हालचालीबरोबर सिलिंडरमधील दाबाचा आलेख कागदावर उमटवण्याची युक्ती काढली, आणि त्या आलेखाच्या क्षेत्रफळावरून निघणारी शक्ती घर्षणात खर्च होणारा भाग वजा होण्याआधीची असते. फ्रेंच अभियंता प्रोनीच्या 1821 च्या ब्रेकने (दांड्याला घर्षणाने अडवून शक्ती मोजणाऱ्या साधनाने) मोजलेली शक्ती फिरत्या दांड्यावरची. याखेरीज इंजिनाच्या मापांवरून सूत्राने काढलेली नाममात्र अश्वशक्ती आहेच : तिच्यात दट्ट्यावरील सरासरी दाब दर चौरस इंचाला 7 पौंड असा गृहीतच धरलेला असल्याने, बॉयलरचा दाब वाढत गेला तसतशी इंजिनाची खरी शक्ती तिच्या अनेक पट होऊ लागली. हे चारही आकडे एका रकान्यात ठेवले तर विद्यार्थ्यांना प्रगतीचे चित्र चुकीचे दिसेल.

म्हणून अश्वशक्तीऐवजी कॉर्नवॉलमध्ये रूढ असलेली ‘ड्यूटी’, म्हणजे एक बुशेल (जुने इंग्रजी माप) कोळशात किती पौंड पाणी एक फूट उचलले गेले, हा मुख्य रकाना करावा असे माझे मत झाले आहे. खाणमालकाला खरी काळजी कोळशाच्या खर्चाची होती. वॅट आणि त्याचा भागीदार बोल्टन यांचा मोबदलाही वाचलेल्या कोळशाच्या किमतीच्या एक तृतीयांश असा ठरलेला होता. बुशेल 94 पौंडांचे आणि कोळशाचे उष्मांकमूल्य किलोला 30 मेगाज्यूल धरल्यास, 2 कोटी ड्यूटी म्हणजे सुमारे 2.1 टक्के कार्यक्षमता, तर 1830 च्या दशकातील उत्तम कॉर्निश इंजिनांनी ओलांडलेली 10 कोटींची ड्यूटी म्हणजे साडेदहा टक्क्यांहून थोडी अधिक, असे माझे गणित सांगते.

आता नेमके प्रश्न असे. ड्यूटीचे आकडे बहुधा पंपाच्या आकारमानावरून काढलेले असत, प्रत्यक्ष पाणी मोजून नव्हे; तेव्हा पंपातील गळतीसाठी किती टक्के वजावट करणे योग्य ठरेल? सर्व इंजिनांसाठी उष्मांकमूल्य एकच धरावे, की खाणीनुसार कोळसा वेगळा मानावा? आणि सिलिंडरमध्ये मोजलेल्या शक्तीवरून दांड्यावरची शक्ती काढायची असल्यास, अठराव्या शतकाच्या अखेरच्या तुळईच्या (बीम) इंजिनांसाठी घर्षणाचा कोणता अंदाज आपण वापराल? आकड्यासोबत तो कसा काढला हेही लिहिल्यास विद्यार्थ्यांना ती पद्धत तक्त्याखाली देता येईल.