शहराचा पोलीस आयुक्त कोणी निवडावा?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

पोलीस आयुक्त बदलल्याचं शहराला कळतं ते गृह विभागाच्या आदेशावरून. संध्याकाळी उशिरा एक पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागते. त्यात आठ-दहा अधिकाऱ्यांची नावं असतात आणि प्रत्येकापुढे सध्याचं पद व नवीन पद. दुसऱ्या दिवशी पदभार स्वीकारतानाचा फोटो पेपरात येतो. हाच अधिकारी या शहरासाठी का निवडला, आधीच्याला वर्षभरातच का हलवलं, याबद्दल एक ओळही कुठे नसते. लाखो माणसांच्या रोजच्या सुरक्षिततेचा निर्णय आणि त्यात त्या माणसांना साधं विचारलंही जात नाही, हे मला अजिबात मान्य नाही.

दुसरीकडे काय चालतं ते पाहा. लॉस एंजेलिसमध्ये १९९२ पर्यंत पोलीस प्रमुखाला नोकरीचं इतकं भक्कम संरक्षण होतं की त्याला हलवणं जवळपास अशक्य. १९९१ साली रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला पोलिसांनी केलेल्या मारहाणीची चित्रफीत जगाने पाहिली, पोलीस दलाच्या चौकशीसाठी ख्रिस्तोफर आयोग बसला आणि पुढच्याच वर्षी मतदारांनी शहराची सनद, म्हणजे शहराच्या कारभाराचा मूळ कायदा, बदलली. आता तिथे पाच नागरिकांचं पोलीस आयोग तीन नावं महापौरांकडे पाठवतं, महापौर त्यातला एक निवडतात आणि नगर परिषद त्याला मंजुरी देते. मुदत पाच वर्षं, फार तर आणखी एकदा.

आपल्याकडे नेमणुकीचा अधिकार राज्याकडे राहायला माझी हरकत नाही. पण पात्रतेचे निकष आधी जाहीर व्हावेत, तीन नावं शहरासमोर यावीत आणि त्या तिघांनी शहराबद्दलचा आपला विचार जाहीरपणे मांडावा. एवढं मागणं जास्त आहे का?

गस्तवाला

जास्त आहे, आणि धोक्याचंही. मी पोलीस खात्यात लिपिकवर्गात नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं आस्थापना शाखेत, म्हणजे नेमणुका-बदल्यांचे कागद चालतात तिथे. आतून जे पाहिलं त्यावरून सांगतो.

अतिक्रमण हटवायचं असलं की महापालिका बंदोबस्ताचं पत्र पाठवते. इतके अंमलदार, इतक्या महिला अंमलदार, अमुक तारीख, सकाळी इतक्या वाजता. मी काम केलेल्या एका ठिकाणी असं पत्र आलं, मनुष्यबळ नेमलं गेलं आणि आदल्या रात्री फोन आला. सकाळी महापालिकेला कळवलं गेलं की मनुष्यबळ उपलब्ध होऊ शकत नाही. जी बांधकामं पडायची होती ती कोणाची, हे शाखेतल्या शिपायालाही माहीत होतं. आज हा दबाव फोनवरून येतो, म्हणजे चोरून येतो. खमका अधिकारी तो झुगारू शकतो, कारण त्याची नेमणूक त्या फोनवाल्याच्या हातात नसते. उद्या तीन नावं 'शहरासमोर' आली की शहराच्या वतीने कोण बसणार? तोच फोन करणारा नगरसेवक. मुलाखत घेणारा आणि बंदोबस्त रद्द करायला लावणारा एकच माणूस असेल.

गृह विभाग फार निर्मळ आहे असं मी म्हणत नाही. पण मंत्रालय निदान लांब आहे. आयुक्ताला ते अंतर फार उपयोगी पडतं.

अनघा_प

मी अमेरिकेत एका मध्यम आकाराच्या गावात राहते. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी नवा पोलीस प्रमुख निवडला गेला. मी त्या प्रक्रियेत एक रहिवासी म्हणून बसले होते, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्याकडे महापौर पोलीस प्रमुख निवडत नाहीत. निवडून आलेली परिषद एक व्यावसायिक नगर व्यवस्थापक नेमते आणि पोलीस प्रमुखाची नेमणूक तो करतो. गस्तवाला, तुमच्या मुद्द्यासाठी हे महत्त्वाचं आहे. नगरसेवक आणि पोलीस प्रमुख यांच्यामध्ये तिथे मुद्दाम एक माणूस ठेवलेला असतो.

आधी रहिवाशांकडून प्रश्नावली भरून घेतली. मग एक माहितीपुस्तिका निघाली: गावाची लोकसंख्या, पोलीस दलाची संख्या, अंदाजपत्रक, पगाराची मर्यादा, आणि 'येणाऱ्या प्रमुखापुढची कामं' असं एक पान. आमच्या पानावर पहिलंच काम होतं रात्रपाळीला माणसं कमी पडतात ते. अर्ज चाळून शेवटी तीन उमेदवार उरले. त्यांच्या एकाच दिवशी तीन वेगवेगळ्या गटांसमोर मुलाखती झाल्या. एका गटात बाहेरच्या गावांचे पोलीस अधिकारी, एकात इतर विभागांचे प्रमुख, आणि एकात आम्ही रहिवासी. तिघांनाही तेच प्रश्न, त्याच क्रमाने. संध्याकाळी सभागृहात खुली बैठक होती. लोकांनी प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचे आणि सूत्रसंचालकाने वाचायचे, म्हणजे कोणी माइक हातात घेऊन भाषण ठोकू शकत नाही.

एका बाईंनी लिहिलं होतं, "माझ्या मुलाला मानसिक आजार आहे. त्याला झटका आला तर मी तुम्हाला फोन करू का?" दोघांनी प्रशिक्षणाबद्दल ठरावीक उत्तरं दिली. तिसऱ्या उमेदवाराने विचारलं की सध्या तुम्ही फोन केलात तर कोण येतं, सोबत समुपदेशक असतो का. नेमणूक तिचीच झाली. केवळ त्या उत्तरामुळे झाली असं मी म्हणणार नाही. नंतर पार्श्वभूमीची कसून तपासणी आणि मानसशास्त्रीय चाचणीही झालीच. पण आज ती चुकली तर तिने त्या संध्याकाळी काय सांगितलं होतं हे आम्हाला आठवतं, आणि आम्ही तिला विचारतो.

देवराई

अनघाताई, छान लिहिलंत. पण लहान गावात जमतं ते मोठ्या शहरात जमेलच असं नाही.

शिकागोचं उदाहरण घ्या. २०१६ मध्ये तिथल्या पोलीस बोर्डाने जाहीर अर्ज मागवून, छाननी करून तीन नावं महापौर राम इमॅन्युएल यांना दिली. त्यांनी तिन्ही नाकारली आणि एडी जॉन्सन यांना नेमलं. जॉन्सन यांनी अर्जही केला नव्हता! आणि ही नेमणूक नियमात बसावी म्हणून नगर परिषदेने नियमच बदलून दिला. महिनोन्‌महिने चाललेली जाहीर प्रक्रिया शेवटी कचऱ्यात.

ब्रिटनने तर याहून पुढची उडी मारली. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१२ पासून बहुतेक भागांत लोकांनी निवडून दिलेला, पोलिसांवर देखरेख करणारा आयुक्त असतो आणि मुख्य पोलीस अधिकाऱ्याची नेमणूक तो करतो. पहिल्या निवडणुकीत मतदान झालं जेमतेम १५ टक्के. न्यूपोर्टमधल्या एका केंद्रावर दिवसभरात एकही मत पडलं नाही. हे पदच २०२८ मध्ये बंद करायचं असं तिथल्या सरकारने २०२५ साली जाहीर केलं. 'लोकांचा सहभाग' म्हणतात तो असा कागदावर राहतो.

कृष्णाकाठ

देवराई, शिकागोची गोष्ट तिथेच संपत नाही. २०२१ मध्ये त्यांनी नवा नागरी आयोग उभा केला आणि नावं सुचवायचं काम त्याच्याकडे दिलं. २०२३ ला त्या आयोगाने दिलेल्या तीन नावांमधूनच लॅरी स्नेलिंग यांची निवड झाली. आधीची प्रक्रिया मोडली हे लोकांना उघड दिसलं, म्हणून ती दुरुस्त करायचा रेटा आला. आपल्याकडे मोडायला प्रक्रियाच नाही, मग मोडल्याचं दिसणार कसं?

ब्रिटनमध्ये निवडणूक होती. मी निवडणूक मागितलेली नाही.

लेखणी

वकिली करते, सेवाविषयक प्रकरणं पाहते. 'आपल्याकडे प्रक्रियाच नाही' हे वाक्य सरसकट घेऊ नये, म्हणून थोडं कायद्याचं.

'पोलीस' हा विषय घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीत आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांना जी १८ कामं देता येतात, त्यांत पोलीस नाही. त्यामुळे आयुक्तनिवडीत महापालिकेला भूमिका द्यायची तर राज्याच्या कायद्यात तशी तरतूद लागेल.

पोलीस सुधारणांबद्दलच्या २२ सप्टेंबर २००६ च्या प्रकाश सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या पोलीस महासंचालकांसाठी पद्धत घालून दिली: ज्येष्ठ अधिकाऱ्यांमधून केंद्रीय लोकसेवा आयोगाने तीन नावं द्यायची, राज्याने त्यांतलं एक घ्यायचं, किमान दोन वर्षं ठेवायचं. महाराष्ट्रात संजय पांडे एप्रिल २०२१ पासून महासंचालकपदाचा प्रभार सांभाळत होते, आयोगाने दिलेल्या तीन नावांमध्ये ते नव्हते. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये त्या तिघांपैकी रजनीश सेठ यांची नेमणूक झाली. म्हणजे लेखी पद्धत असली की न्यायालयात बोट ठेवायला जागा मिळते.

शहराच्या आयुक्तासाठी अशी तीन नावांची पद्धत नाही. राज्याच्या पोलीस अधिनियमात २०१४ ला दुरुस्ती होऊन बदल्या-नेमणुका पाहणारी आस्थापना मंडळं आली, दोन वर्षांचा कार्यकाळ आला. पण भापोसे (भारतीय पोलीस सेवा) अधिकाऱ्यांच्या बदल्यांचे सक्षम प्राधिकारी मुख्यमंत्री आहेत, आणि 'अपवादात्मक परिस्थितीत लोकहितासाठी' मुदतीआधी बदली करायची मुभा कायद्यातच आहे. ती मुभा किती सढळपणे वापरली जाते ते वेगळं सांगायला नको.

म्हणून माझं मत धागाकर्त्यांच्या विरोधात आहे. निवड कशीही करा. दोन वर्षांची हमी नसेल तर जाहीर मुलाखत घेऊन आणलेला आयुक्तही पहिल्या अप्रिय कारवाईनंतर त्याच पीडीएफमध्ये जाईल. आधी कार्यकाळ पक्का करा, मग निवडीकडे या.

कृष्णाकाठ

ताई, कायद्याचा भाग मान्य, पण क्रम उलटा वाटतो. दोन वर्षांची हमी कायद्यात दहा वर्षांहून जास्त काळ आहे. तरी ती का पाळली जात नाही? अधिकारी गेला तर शहराला काही गमावल्यासारखं वाटत नाही, म्हणून. तो काय करणार होता हे कोणालाच माहीत नसतं. अनघा यांच्या गावात त्या प्रमुखाला सहा महिन्यांत काढलं असतं तर त्या सभागृहातले लोक नगर व्यवस्थापकाच्या दारात उभे राहिले असते. जाहीर निवडीमुळे कार्यकाळाला आपोआप राखणदार मिळतो. न्यायालयाला दरवेळी बोलवावं लागत नाही.

गस्तवाला

एक व्यावहारिक अडचण कोणीच बोलत नाही. अमेरिकेत पोलीस प्रमुख ही त्या शहराची नोकरी आहे. माणूस अर्ज करतो, करार होतो, नाही जमलं तर दुसऱ्या शहरात अर्ज करतो. विल्यम ब्रॅटन बॉस्टनमध्ये प्रमुख होते, मग न्यूयॉर्कमध्ये, मग २००२ पासून लॉस एंजेलिसमध्ये. आपल्याकडे ही भरती नसतेच, ती बदली असते. अपर महासंचालक किंवा विशेष महानिरीक्षक दर्जाचे मोजके अधिकारी असतात आणि राज्यातल्या साऱ्या पदांवर त्यांनाच बसवायचं असतं. जाहीर मुलाखतीत नापास झालेला अधिकारी कुठे जाणार? दुसऱ्या शहरात. म्हणजे आपण त्या दुसऱ्या शहराला सांगितलं की आम्ही नाकारलेला माणूस घ्या. त्याच्या हाताखालच्या हजारो अंमलदारांसमोर त्याचा वचक काय राहील?

अनघा_प

हा मुद्दा अमेरिकेतही आहे. शेवटच्या तिघांची नावं जाहीर होतात म्हणून दुसरीकडे प्रमुख असलेले चांगले लोक अर्जच करत नाहीत. आपण सोडून जायला निघालोय हे आपल्या गावात कळेल ही त्यांची भीती असते. त्यामुळे काही ठिकाणी नावं गुप्त ठेवतात, आणि मग लोक चिडतात. यावर पूर्ण समाधानकारक तोड मी तरी पाहिलेली नाही.

पण निवडीपूर्वी तिघांना उभं करणं जमत नसेल, तर नेमणुकीनंतर महिनाभरात एकाला तरी उभं करता येईल ना? नेमलेल्या आयुक्ताने शहरासमोर वर्षाचा आराखडा मांडायचा आणि प्रश्नांना उत्तरं द्यायची. यात कोणी नापास होत नाही.

लेखणी

हे चालेल. कायदा न बदलता गृह विभागाच्या एका परिपत्रकानेही होऊ शकतं. त्याला एकच जोड हवी. मुदतीआधी बदली केली तर 'प्रशासकीय कारणास्तव' एवढं लिहून न थांबता खरं कारण आदेशासोबत प्रसिद्ध करायचं. आज ते कारण नस्तीत, म्हणजे सरकारी फायलीत असतं आणि आम्हाला ते न्यायाधिकरणासमोर भांडून बाहेर काढावं लागतं.

देवराई

प्रश्न विचारणारे कोण, हे आधी ठरवा. नाहीतर पहिल्या दोन रांगा शांतता समितीच्या त्याच त्या सदस्यांनी भरतील. अनघाताईंची चिठ्ठीची पद्धत मला म्हणूनच आवडली.

गस्तवाला

नेमणुकीनंतरच्या आराखड्याला माझा विरोध नाही, निवडीत नगरसेवक आणायला आहे आणि राहील. आता तुम्ही सगळे आयुक्तावर बोलताय म्हणून सांगतो, सामान्य माणसाला आयुक्त भेटत नाही. त्याला भेटतो ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक. दोन वर्षांची मुदत त्यालाही आहे, आणि शाखेत असताना सर्वांत जास्त मुदतपूर्व बदल्यांचे कागद माझ्या टेबलावरून गेले ते निरीक्षकांचेच. आराखडा मांडायचाच असेल तर प्रत्येक पोलीस ठाण्यात मांडायला लावा. हद्दीतली माणसं तिथे खरंच येतील आणि नेमकं विचारतील: रात्रीची गस्त आमच्या गल्लीत किती वाजता येते, आणि तक्रार द्यायला गेल्यावर चार तास का बसवून ठेवता.