ब्रुसेलोसिसवर डीएनए लस का निघत नाही?

गोठा_संगमनेर
नमस्कार मंडळी. माझ्याकडे अकरा संकरित गाई आहेत. जानेवारीत एक गाय सातव्या महिन्यात गाभडली. वार अडकली होती, ती वडिलांनी नुसत्या हातांनी ओढून काढली. पुढच्या महिन्यात त्यांना ताप सुरू झाला. संध्याकाळी चढायचा, पहाटे अंथरूण घामाने चिंब, कंबर धरलेली. टायफॉइड समजून तीन आठवडे गेले. शेवटी रक्तात ब्रुसेला निघाला, म्हणजे गाई गाभडवणारा ब्रुसेलोसिसचा जंतू. सहा आठवडे गोळ्या चालल्या, आता बरे आहेत.
मोठ्या गाईंना याची लस देत नाहीत म्हणे. 2021 साली आपल्या देशात माणसांसाठी करोनाची डीएनए लस निघाली. मग गाईंसाठी ही का नाही?

पशुवैद्यक_22वर्षे
वडील बरे झाले, फार बरं वाटलं. आपल्याकडे देतात ती एस-19 ही जिवंत जंतूंची लस. 4 ते 8 महिन्यांच्या कालवडी-वगारींनाच देतो, आयुष्यात एकदा. गाभण गाईला दिली तर ती लसीनेच गाभडू शकते. सुई बोटात घुसली किंवा लस डोळ्यात उडाली तर टोचणाराच आजारी पडू शकतो. माझ्या एका सहकाऱ्याचं असंच झालं, म्हणून मी चष्म्याशिवाय कुपी उघडत नाही. आणखी एक, मोठ्या गाईला टोचली तर नंतर रोझ बंगाल या रक्ताच्या चाचणीत लस कुठली नि आजार कुठला, कळत नाही.

प्लास्मिडवाली
पीएचडीची चार वर्षं मी याच कामात घालवली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.
डीएनए लसीत जंतू नसतोच. त्याच्या एखाद्या प्रथिनाचा जनुक गोल डीएनएत, म्हणजे प्लास्मिडमध्ये, बसवतात. टोचल्यावर गाईच्या पेशी ते प्रथिन बनवतात आणि शरीर ते ओळखायला शिकतं. ब्रुसेला पेशींच्या आत दडून बसतो, तिथे नुसत्या प्रतिपिंडांनी भागत नाही. पेशींकरवी होणारा प्रतिकार लागतो, आणि डीएनए लस तोही जागवते. रोझ बंगालचा घोळही सुटेल, कारण ती चाचणी जंतूच्या बाहेरच्या शर्करांविरुद्धची प्रतिपिंडं पकडते. लसीतून ती साखर बनतच नाही.
उंदरांत एल7/एल12 या प्रथिनाच्या जनुकाने संरक्षण मिळालेलं आहे. घोडं अडतं ते गाईपाशी. मी 20 ग्रॅमच्या उंदराच्या मांडीत 100 मायक्रोग्रॅम टोचायचे. वजनाचा सरळ हिशेब लावला तर 400 किलोच्या गाईला 2 ग्रॅम प्लास्मिड लागेल! डोस असा ठरत नाही, पण अडचण ध्यानात येईल. टोचलेल्यातलं फार थोडं पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचतं. म्हणूनच करोनाच्या त्या लसीला सुईऐवजी दाबाने त्वचेत सोडणारं यंत्र आणि 28 दिवसांच्या अंतराने तीन डोस लागले.
दुसरी अडचण मला जास्त छळायची. विषाणूचं प्रथिन मुळात प्राण्याच्याच पेशीत बनतं. ब्रुसेलासारख्या जिवाणूचं तसं नाही. गाईची पेशी ते बनवताना त्यावर भलत्या जागी साखरा चिकटवू शकते, मग शरीर ओळखायला शिकतं ते जंतूवर नसलेलंच रूप. 2005 साली घोड्यांना वेस्ट नाईलवर आणि कॅनडात सॅमन माशांना डीएनए लस मिळाली, ते दोन्ही आजार विषाणूचे.
माझा भरवसा आधी डीएनए आणि मग त्याच प्रथिनाचा बूस्टर, या जोडीवर आहे. ते काम सोडून देऊ नये.

पशुवैद्यक_22वर्षे
ताई, छान समजावलंत. पण मोकाट कालवडीला तीनदा धरणं गावात होत नाही. एका टोचणीत भागलं तरच चालेल. एस-19 तर सरकारी मोहिमेत फुकट मिळते.
दादा, बाकीच्या दहाही गाईंचं रक्त तपासा. पुन्हा कुणी गाभडली तर वार नि गर्भ हातमोजे घालून, चुना टाकून खोल पुरा. आणि दूध उकळल्याशिवाय कुणाला देऊ नका.

गोठा_संगमनेर
दोघांचे मनापासून आभार. ताई, तीन डोस असले तरी मी धरीन कालवड. हातमोज्यांचा खोका गोठ्याच्या दाराशी खिळ्याला टांगलाय. धाकटी कालवड 20 तारखेला आठ महिन्यांची होतेय, तिची टोचणी याच आठवड्यात उरकतो. रक्ताचे निकाल आले की इथेच लिहितो.