नागपुरात घर बांधतोय – स्लॅबवर इन्सुलेशन, एएसी ब्लॉक की डबल काच? पैसे एकाच्याच पुरते आहेत, सल्ला द्या

नवं_घर_नवं_टेन्शन:
नमस्कार मंडळी. बेसा साइडला प्लॉट घेऊन ठेवला होता, शेवटी बांधकाम सुरू केलंय. ग्राउंड प्लस वन, प्लिंथ झाली, खालचे कॉलम उभे राहताहेत. खाली सासू-सासरे, वर आम्ही आणि दोन पोरं. वरचा स्लॅब साधारण ११०० स्क्वेअर फूट आहे आणि आमची बेडरूम नेमकी पश्चिमेला, प्लॉटच तसा आहे त्यामुळे हलवता येत नाही.

आर्किटेक्टने तीन गोष्टी सुचवल्या. वरच्या स्लॅबवर ५० मिमी एक्सपीएस, म्हणजे ते निळे-गुलाबी फोमचे बोर्ड. फ्लायअॅश (राखेच्या) विटेऐवजी एएसी ब्लॉक, म्हणजे ते आत हवेचे बुडबुडे असलेले हलके सिमेंटचे ठोकळे. आणि सगळ्या खिडक्या यूपीव्हीसी (प्लास्टिकच्या चौकटीच्या), डबल काचेच्या. तिन्ही मिळून साडेचार लाखाच्या वर जातंय, आमच्याकडे जास्तीत जास्त दोन आहेत, तेही मॉड्युलर किचन पुढे ढकलून. ठेकेदार म्हणतो मॅडम ब्रिकबॅट (विटांच्या तुकड्यांचा थर) टाकतोच आहे, वरून चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सचे तुकडे), अजून काय पाहिजे, नागपुरात सगळे असेच राहतात. आमच्या घरचे म्हणतात (हे म्हणजे नवरा) त्या पैशात एक एसी जास्तीचा येतो की. मला काही कळेनासं झालंय, ज्यांनी खरंच केलंय त्यांनी सांगा.

वऱ्हाडी_ठेचा:
ताई तुमच्या ठेकेदाराला म्हणा मे महिन्यात रात्री नऊ वाजता वरच्या मजल्यावर पलंगावर उभं राहून स्लॅबला हात लावून दाखव. आमच्या अकोल्याच्या घरी ब्रिकबॅट आहे, चायना मोझॅक आहे, सगळं आहे. तरी जेवणं झाल्यावर छत असं तापलेलं असते की पंखा लावला की गरमच हवा खाली येते. पहाटे तीन-चारला कुठं थंड होते अन् सहाला परत ऊन सुरू. आम्ही दरवर्षी एप्रिल ते जून खालीच झोपतो राजेहो, वरचा मजला फक्त पापड-कुरडया वाळवायच्या कामाचा.

सिव्हिल_काका:
ब्रिकबॅट कोबा हे वॉटरप्रूफिंग आहे, इन्सुलेशन नाही, हा घोळ आपल्याकडे सगळीकडे आहे. आकड्यात सांगतो. यू व्हॅल्यू म्हणजे बाहेर आणि आत एका डिग्रीचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जाते, आकडा जितका कमी तितकं चांगलं. नुसता सहा इंची आरसीसी स्लॅब साधारण ३.३. त्यावर चार इंच ब्रिकबॅट टाकलं तर २.३ च्या आसपास. केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीने २०१८ मध्ये राहत्या घरांसाठी इको निवास संहिता काढली, त्यात छताची मर्यादा १.२ आहे, म्हणजे ब्रिकबॅट तिच्या जवळपासही जात नाही. त्यावर २५ मिमी एक्सपीएस टाकलं की ०.८ होतं, ५० मिमी टाकलं की ०.५, आणि १०० मिमी टाकलं तर ०.२७ वगैरे. म्हणजे बघा पहिल्या दोन इंचात २.३ वरून ०.५ वर आलात, पुढच्या दोन इंचाने अजून पाव पॉइंटही नीट कमी होत नाही. म्हणून ५० वर थांबा, कोणी विकायला आला की शंभर घ्या तर हो म्हणू नका.

दुसरं, नागपूर २१ अंश अक्षांशावर आहे. २६ मेच्या सुमारास दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. त्या दिवसांत तुमच्या दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळपास लागतच नाही, पूर्व-पश्चिमेच्या भिंती अर्धा अर्धा दिवस तापतात, आणि स्लॅब मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत. माझं मत विचाराल तर पहिला पैसा छताला, दुसरा पश्चिमेला सावली करायला, मग उरले तर भिंती. डबल काच सगळ्यात शेवटी.

पुणेकर_७७:
आम्ही पुण्यात काहीच केलं नाही आणि काही अडत नाही. फक्त पांढरा रंग मारला गच्चीवर.

वऱ्हाडी_ठेचा:
@पुणेकर_७७ पुण्यात मे महिन्यात जे टेंपरेचर असते त्याला आमच्याकडे मार्च म्हणतात.

नवं_घर_नवं_टेन्शन:
हाहाहा. पण पांढऱ्या रंगाचा मुद्दा खरा आहे का? तो तर खूपच स्वस्तात होतो. तेवढ्यावर भागेल?

गच्चीप्रेमी:
मी चंद्रपूरला आहे, आमच्या आईकडच्या घरी चुना, व्हाइट सिमेंट आणि फेविकॉल कालवून दर होळीनंतर मारतो. फरक पडतो, खोटं नाही बोलणार, अनवाणी गच्चीवर चालता येतं एवढा पडतो. पण आमच्याकडे कोळशाची आणि राखेची धूळ इतकी की पांढरा रंग महिन्याभरात राखाडी होतो, दर पंधरा दिवसांनी गच्ची धुवायला लागते, आणि उन्हाळ्यात पाणी कुठून आणायचं. पहिल्या पावसात चुना वाहून जातो, पावसाचं पाणी टाकीत घेत असाल तर तेही बघा. तेलंगणाने तर २०२३ मध्ये कूल रूफची पॉलिसीच काढली, म्हणजे सरकारांनाही पटलंय. पण रंग ऊन परतवतो फक्त, जेवढं आत शिरलं तेवढं शिरलंच. जुन्या घराला रंग. नवीन बांधताय तर बोर्ड टाका आणि वर पांढऱ्या तुकड्यांचं चायना मोझॅक करा, दोन्ही कामं एकदम होतात.

स्लॅबखालचा_माणूस:
थोडा उलटा मुद्दा मांडतो. छत काय, पुढेमागे कधीही करता येतं, घर राहतं असताना वर बोर्ड टाकून पुन्हा कोबा करता येतो. भिंत एकदा बांधली की बांधली. दोन लाखच असतील तर जे नंतर होणारच नाही ते आत्ता करावं की नाही? नऊ इंची फ्लायअॅश विटेच्या भिंतीचा यू २ च्या आसपास आणि आठ इंची एएसी ब्लॉकचा पाऊण. फ्लायअॅश वीट कोराडीच्या वीज केंद्राची राख वापरून होते, स्वस्त पडते, पर्यावरणाला बरी वगैरे ठीक आहे, पण उष्णता अडवायला ती लाल विटेसारखीच. आमच्याकडे एएसी आहे, हिंगणा रोडला, पश्चिमेची भिंत संध्याकाळी आतून हात लावला तर नॉर्मल असते.

तोटे पण सांगतो म्हणजे नंतर शिव्या नको. कॉलम आणि ब्लॉकच्या जोडावर चिकन मेश न लावता प्लास्टर केलं की उभी चीर पडणारच, आमच्या मिस्त्रीने दोन खोल्यांत जाळी लावली नव्हती आणि बरोबर त्याच खोल्यांत चिरा आल्या. गीझर, टीव्ही, किचनची वरची कपाटं लटकवायला साधा रावळप्लग चालत नाही, ब्लॉकसाठीचे वेगळे अँकर लागतात. आणि ब्लॉक पाणी पितो, बाहेरचं प्लास्टर मन लावून करून घ्या.

सिव्हिल_काका:
@स्लॅबखालचा_माणूस मुद्दा बिनतोड आहे, भिंत नंतर होत नाही हे शंभर टक्के. पण छत नंतर करता येतं हे कागदावर. प्रत्यक्षात चांगलं टिकलेलं वॉटरप्रूफिंग कोणी हलवू देत नाही, वरून अजून एक थर टाकला की गच्चीची लेव्हल चार-पाच इंच वर येते, जिन्याच्या खोलीचा उंबरठा बुडतो, पॅरापेट (गच्चीचा कठडा) बुटका होतो, पावसाच्या पाइपांची तोंडं खाली राहतात. मग माणूस म्हणतो जाऊ दे, पुढच्या वर्षी बघू. ज्यांना ज्यांना नंतर करू म्हणताना ऐकलंय त्यातल्या फार थोड्यांनी केलंय.

ताई, मधला रस्ता आहे. खालचा मजला फ्लायअॅशनेच होऊ द्या, त्याच्या डोक्यावर तुमचा मजला आहे म्हणजे त्याला छताचा त्रास नाही. एएसी फक्त वरच्या मजल्याला, तेही नाही जमलं तर फक्त पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला. एएसी हलका म्हणून स्टील वाचतं असं कोणी सांगेल, तर ते डिझाइन करण्याआधी. तुमचं फाउंडेशन झालंय, तो फायदा गेला.

ऑटवाचा_पक्या:
मूळचा वर्ध्याचा, आता कॅनडात. इकडे लाकडी सांगाड्याच्या भिंतीत फायबरग्लास भरतात आणि माळ्यावर फूट-दीड फूट जाडीचं इन्सुलेशन, ते थंडी बाहेर ठेवायला. ते आकडे वाचून आपल्याकडे लागू करू नका, इकडे आत-बाहेर चाळीस-पन्नास डिग्रीचा फरक असतो, तुमच्याकडे वीसचा. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखी, खिडकी-दरवाज्यांच्या फटी. एसी लावणार असाल तर फटी आधी बुजवा, त्याला पैसे लागत नाहीत.

गच्चीप्रेमी:
एसीवरून, ताई तुमच्याकडे कूलर चालतो का मुख्यतः? कारण आपल्याकडे एप्रिल-मे कोरडी हवा, डेझर्ट कूलर मस्त चालतो, पण त्याला खिडकी उघडी लागते. मग डबल काच काय कामाची? काच बंद असेल तेव्हाच ती डबल. जूनमध्ये दमट सुरू झालं की कूलर बंद, एसी चालू, ते महिना-दीड महिना. त्यासाठी एवढे पैसे?

नवं_घर_नवं_टेन्शन:
हो कूलरच, सासूबाईंना एसीने गुडघे दुखतात म्हणे. म्हणजे डबल काच बाद. पण मग कूलर असेल तर स्लॅबवरच्या इन्सुलेशनचा तरी उपयोग होईल का? हवा तर बाहेरूनच येणार.

सिव्हिल_काका:
होईल. कूलर हवा गार करतो, पण ४५ डिग्रीच्या दुपारी डोक्यावर तापलेला स्लॅब असेल तर तो सरळ अंगावर उष्णता फेकतो, वारा कितीही गार असो. मिस्टरांच्या जास्तीच्या एसीचं उत्तरही यातच आहे, एसी रात्रभर स्लॅबशीच भांडत बसतो आणि बिलात महावितरणचा ३०० युनिटच्या वरचा दर लागतो.

अजून एक, बोर्ड स्लॅबच्या वरच हवा. फॉल्स सीलिंगमध्ये ग्लासवूल टाकून देतो म्हणणारे येतील. त्याने खोलीला थोडं बरं वाटतं पण स्लॅब तसाच तापत-निवत राहतो आणि चिरत राहतो.

स्लॅबखालचा_माणूस:
पश्चिमेच्या खिडकीबद्दल. साडेतीन-चारनंतर ऊन तिरपं येतं, छज्जा कितीही मोठा करा खालून घुसतं. आतून जाड पडदा लावून उपयोग नाही, काचेतून आत आलेली उष्णता आतच राहते. बाहेरून अडवा, बांबूचे चिक, नाहीतर खसच्या टाट्या, नाहीतर सिग्नलवर महापालिका लावते ना तसली हिरवी नेट. आम्ही चिक लावलेत, दिसायला पण छान. कंपाउंडजवळ जागा असेल तर आत्ताच कडुनिंब लावा, घर होईपर्यंत जोर धरेल.

वऱ्हाडी_ठेचा:
अन् टाकी! काळी टाकी उघड्यावर ठेवू नका, मे महिन्यात दुपारी नळ सोडला की चहा टाकता येते. टाकीवर पण शेड घ्या.

नवं_घर_नवं_टेन्शन:
बरं मग असं ठरवतेय. वरच्या स्लॅबवर ५० मिमी एक्सपीएस नक्की, त्याचे ठेकेदाराने एक लाख चाळीस सांगितले होते, आर्किटेक्ट म्हणाली घासाघीस करता येईल. उरलेल्यात वरच्या मजल्याच्या पश्चिम भिंतीला एएसी. खिडक्या साध्या स्लायडिंग, बाहेरून चिक. आता ठेकेदाराने हे काम कधी केलेलं नाही असं स्वतःच म्हणाला, तर त्याच्याकडून करून घेताना काय बघू? आणि सोलर पण घ्यायचंय पुढच्या वर्षी, केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार सबसिडी मिळते ना?

सिव्हिल_काका:
हो, ३ किलोवॅट आणि वर ७८ हजारच. पॅनल उंच स्टँडवर बसवले तर त्यांची सावली पण स्लॅबला मिळते, तेवढा भाग फुकटात थंड.

काम असं घ्या. स्लॅबवर आधी उताराचा कोबा आणि वॉटरप्रूफिंग, पॅरापेटच्या कोपऱ्याला नीट वाटा (गोलाई) मारून भिंतीवर फूटभर चढवायचं. मग पाणी तुंबवून निदान दोन दिवस ठेवायचं आणि खालून प्रत्येक खोलीचं छत बघायचं, कोपरे आणि पाइपांच्या कडेला खास. ओल दिसली तर बोर्ड अजिबात टाकू द्यायचे नाहीत, एकदा झाकलं की गळती कुठून आहे ते शोधता शोधता पुरेवाट होते. मग बोर्ड, विटांसारखे सांधे चुकवून, कडा एकमेकींवर बसणाऱ्या घ्या, सांध्यावर टेप. एका चौरस मीटरचं वजन दोन किलोसुद्धा नाही, मेच्या वावटळीत शेजारच्या प्लॉटवर उडून जातात, म्हणून जेवढे टाकले तेवढ्यावर त्याच दिवशी जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं जाड कापड) आणि जाळी घालून काँक्रीटचा थर. उन्हात उघडे ठेवायचे नाहीत, खराब होतात. आणि थर्माकोल आणून हेच आहे म्हणाला तर परत पाठवा, थर्माकोल पाणी धरतो. बोर्ड निळे किंवा गुलाबी असतात, घनता घनमीटरला ३२ ते ३६ किलो मागा, बिलावर लिहून घ्या.

नवं_घर_नवं_टेन्शन:
सेव्ह करून ठेवलं काका, ठेकेदाराला प्रिंट काढून देते. पॅरापेट मग किती ठेवू?

सिव्हिल_काका:
तयार लेव्हलपासून साडेतीन फूट राहील असं मोजा, स्लॅबपासून नाही. कोबा, बोर्ड, वरचा थर, मोझॅक मिळून आठ-नऊ इंच जातात. जिन्याच्या खोलीचा उंबरठा पण त्याच हिशोबाने उचला. आणि सोलरच्या स्टँडचे पेडेस्टल (काँक्रीटचे छोटे खांब) स्लॅबच्या सळ्या बांधताना आत्ताच काढून घ्या, टाकीचे पण. नाहीतर पुढच्या वर्षी सोलरवाला येईल आणि तुमच्या नव्याकोऱ्या वॉटरप्रूफिंगमध्ये ड्रिल घालेल.