अनुभव धागा: कार्टूनमधली पात्रं हाडामांसाची होतात तेव्हा

लाडकी अ‍ॅनिमेशन मालिका खऱ्या नटांना घेऊन पडद्यावर आली की पहिल्या दहा मिनिटांतच आपलं मत पक्कं होतं. एक तर 'वाट लावली', नाहीतर 'बरं जमलंय की'. इथे त्याच्या पुढे जाऊन लिहा: नेमकं कुठे खटकलं किंवा कुठे जमलं, ती एक जागा सांगा. अ‍ॅनिमेशन, व्हीएफएक्स, डबिंग, कपडेपट अशा कामात असाल तर तुमचं लेखन हवंच हवं. वेबमालिकाही चालतील. बालपणाच्या नावाने गळे काढायला वेगळा धागा उघडू.

सुरुवात मीच करते. 'द लास्ट एअरबेंडर', २०१०. मालिकेचा पहिला सीझन २० भागांचा, म्हणजे साडेसात तासांच्या आसपास. सिनेमा पावणेदोन तासांचाही नाही. कात्री लागणारच, त्याबद्दल तक्रार नाही. पण लागली कशाला? भटकंतीला, टवाळक्यांना, बिनकामाच्या खेळांना. मालिकेतला आंग बारा वर्षांचा खोडकर पोरगा आहे. जग वाचवायची जबाबदारी अंगावर आलीय, म्हणूनच तो खेळायला पळतो. पटकथेच्या हिशेबात हे सगळं फालतू दिसतं आणि आधी तेच जातं. मग उरतात घटना, आणि त्या जोडायला पात्रं एकमेकांना माहिती सांगत बसतात. सिनेमातला आंग धड हसतसुद्धा नाही हो!

तिरपी रेघ
मी अ‍ॅनिमेटर. याच सिनेमातला तुरुंगाचा प्रसंग घ्या. या जगात काही लोक अंगाच्या हालचालींनी माती-दगड हलवतात, आणि असेच लोक तिथे कैदेत आहेत. पाच-सहा जण मिळून अख्खी कवायत करतात आणि शेवटी एक धोंडा रमतगमत हवेतून जातो. त्यावर लोक अजून हसतात, पण चूक कुठे आहे ते बघा. हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये सेकंदाला २४ फ्रेम असल्या तरी बऱ्याचदा एक चित्र दोन फ्रेम टिकतं, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. ठोसा मारायचा तर आधी अंग मागे खेचलेली पोझ थोडी रोखून धरतो, मग मध्ये एखादंच फराटा ओढल्यासारखं चित्र, आणि थेट ठोसा बसलेली पोझ. मधला प्रवास जवळजवळ नसतोच, बघणाऱ्याचा डोळा तो भरून काढतो. खऱ्या नटाचा हात मात्र मधल्या प्रत्येक जागेतून जातो, त्याला काही गाळता येत नाही. तेव्हा हे गाळायचं काम संकलनाने करावं लागतं. इथे शॉट लांबलचक ठेवलाय, त्यामुळे हालचाल एकीकडे आणि तिचा परिणाम भलतीकडे.

शिवाय मालिकेत तो तुरुंग समुद्रातला, लोखंडी. माती हलवणाऱ्यांना माती मिळू नये म्हणून. सिनेमात तेच कैदी चक्क मातीवर उभे! मग पळून का नाही गेले इतके दिवस?

खोलीबाहेर
कंपोझिटिंग करतो, म्हणजे वेगवेगळी चित्रीकरणं एका फ्रेममध्ये जोडायचं काम. माझं मत इथे कुणाला पटणार नाही, तरी लिहितो: वाचोव्स्कींचा 'स्पीड रेसर' (२००८) हा या प्रकारातला सगळ्यात विचार करून केलेला सिनेमा आहे. चालला नाही, ते सोडा. कॅमेऱ्याला जवळचं स्पष्ट दिसलं की लांबचं धूसर होतं. कार्टूनच्या चित्रात पुढचा माणूस आणि मागचा डोंगर सारखेच ठसठशीत. त्यांनी थर वेगवेगळे घेऊन एकत्र बसवले आणि सगळंच फोकसमध्ये ठेवलं. कार्टून खरं करण्याऐवजी खऱ्यालाच कार्टून केलं. डोळे दुखतात हे मान्य.

एफर्ट्सवाली
मी कार्टूनचं डबिंग करते. चित्रातल्या पात्राचं तोंड ओरडताना डोक्याएवढं होतं, म्हणून आम्हीही आवाज कितीही ताणू शकतो. मारामारीतले हुंकार-किंकाळ्या म्हणजे एफर्ट्स, त्यातच घसा बसतो. तेच पात्र लाइव्ह अ‍ॅक्शनमध्ये डब करायला गेले आणि पहिल्याच वाक्याला काचेपलीकडून हाक आली, "ताई, अर्धा करा." अर्धा केला तरी जास्त वाटत होता. नटाचा जबडा जेमतेम हलतोय आणि आवाज मात्र मागे उभं राहून दुसरंच कुणी ओरडतंय असा. शेवटी नेहमीचं हसू तेवढं ठेवलं, बाकी साध्या बोलण्यात आणलं. मुलांना आवडलं नसेल, पण पडद्यावरच्या तोंडाशी भांडून चालत नाही.

उलटी टीप
कपडेपट. कार्टूनमधल्या कपड्याला शिवण नसते, वजन नसतं, रंग एकसलग. तसाच शिवला की नट स्नेहसंमेलनातला वाटतो. आम्ही एकाच रंगाच्या तीन-चार छटा घेतो, कोपरं घासून विटवतो, काठाला मळवतो. लांबून रंग तोच दिसला पाहिजे, जवळून कापड. 'रुरोनी केन्शिन' या जपानी सिनेमात (२०१२) तलवारबाज नायकाचे लालभडक केस तांबूस-तपकिरीवर आणले, ते मला फार शहाणपणाचं वाटलं. त्यात तो खाली वाकून सुसाट पळतो, तलवार चालवतो, आणि तरीही तो विग आहे हे डोक्यात येत नाही.

शेवटचा बाक
केन्शिनला +१. मी मूळ मालिका पाहिली नव्हती, तरी कुठे अडलो नाही. माझ्या मते खरी परीक्षा हीच. 'काउबॉय बीबॉप'चं (२०२१) उलट झालं. योको कान्नोंचं संगीत दोन्हीकडे, पण मूळ २६ भागांत जो खलनायक क्वचित येतो आणि म्हणून धास्ती वाटते, त्याला इथे ऐसपैस कथानक दिलं. सगळं समजलं आणि धास्ती गेली. महिन्याच्या आत मालिका बंद झाल्याची बातमी आली.

दोन पोरांची आई
'छोटा भीम'चा २०२४ चा सिनेमा. धाकटीचा पहिला प्रश्न, "हा एवढा मोठा का?" कार्टूनमधला भीम २००८ पासून तेवढाच आहे, खरी मुलं वाढतात, करणार काय! मोठ्या नटांना मात्र हे जग झेपतं. मकरंद देशपांडे आले की पोरी सावरून बसल्या. रंगभूमीवरच्या माणसाला मोठं करून दाखवायची लाज नसते, ती इथे कामी येते.

जुना पापी
१९८० चा 'पॉपाय' पाहा. रॉबिन विल्यम्सला नकली जाडजूड दंड लावलेत आणि कार्टूनमध्ये पालकाची भाजी खाऊन ताकद येणाऱ्या पॉपायला इथे ती भाजी आवडतच नाही! शेवटी त्याचा वैरी ब्लूटो जबरदस्तीने कोंबतो तेव्हा कुठे पोटात जाते. माल्टात उभारलेलं ते लाकडी गाव अजून आहे, लोक बघायला जातात.

तिरपी रेघ
'वन पीस' (२०२३) कुणीच कसं काढलं नाही? नायक लुफीचं अंग रबरासारखं ताणतं, तो रबरी हात ठेवला, पण बेतानेच ताणला. त्याचा साथीदार उसॉपचं लांब नाक गाळलं. मला ते हवं होतं. यावर माझं आणि @उलटी टीप यांचं एकदा होऊन जाऊ दे.

उलटी टीप
होऊन जाऊ दे. रोज पहाटे खुर्चीत बसवून नाक चिकटवायचं, दुपारी घामाने कड सुटली की पुन्हा तेच, आणि क्लोजअपमध्ये तो रडला की गाल हलणार नि नाक ढिम्म. उसॉप रडतो किती ते आठवा आणि मग सांगा.